‘घ’च्या पोटातलं बटण

“माझं अक्षर उचलणारा माणूस अजून जन्माला यायचाय,” पेंटर शिडीच्या वरच्या पायरीवरून म्हणाला, आणि म्हणताना त्याने ब्रश असा काही झटकला की खाली उभ्या असलेल्या टायरवाल्याच्या टकलावर पिवळ्या रंगाचा ठसठशीत ठिपका पडला.

टायरवाल्याने तो हाताने पुसला, म्हणजे आणखी पसरवला. एरवी त्याने शिव्या घातल्या असत्या. पण तो नुकताच बाजारपेठ सुशोभीकरण समितीचा अध्यक्ष झाला होता, आणि अध्यक्षाने कसं वागायचं असतं याचा त्याला अजून अंदाज आला नव्हता.

“ते असू दे,” तो म्हणाला. “समितीचं पक्कं झालंय. आख्ख्या बाजाराच्या पाट्या एका अक्षरात करायच्या. आणि अक्षर कुठलं, तर पळतं. एकमताने! शिवाय बाजाराच्या तोंडाशी एक दगड बसवायचाय. अक्षर काढणाऱ्याचं नाव त्यावर कोरायचं.”

ऐकता ऐकता पेंटर आणखी एक पायरी चढायला गेला. वर पायरी नव्हती. शिडीला मिठी मारून त्याने कसाबसा तोल सावरला.

“दगडावर? कोरून?”

“कोरून.”

“माझं नाव?”

“ज्याचं अक्षर त्याचं नाव.”

आता पेंटरचं असं होतं की उभा जन्म त्याने दुसऱ्यांची नावं काढली होती. बाजारातल्या निम्म्या लोकांची नावं त्यांच्या आईबापांनी ठेवली आणि पेंटरने मोठी केली. त्याचं स्वतःचं नाव मात्र पाटीच्या खालच्या कोपऱ्यात, उंदराच्या शेपटीएवढं, तेही गिऱ्हाईक दुसरीकडे बघत असेल तर. दुकान विकलं की पाटी खरवडली जायची आणि शेपटी पहिली जायची. दगडाला कोण खरवडतो? आयुष्याकडून त्याला दुसरं काही नको होतं. तेवढा एक दगड हवा होता.

“मग झालं तर!” तो म्हणाला. “अहो, हे अक्षर मनगटातून येतं. मनगट काय कुणी कापून नेणार आहे? या बाजारातच काय, पार कुठेही जा, असा ‘ळ’ काढणारा दुसरा कुणी—”

तेवढ्यात समोरून एक टेम्पो गेला. टेम्पोच्या पाठीवर लिहिलं होतं, ‘मूळव्याध? घाबरू नका!’ आणि लिहिलं होतं पळत्या अक्षरात. तोच तो ‘ळ’, छाती काढून पळणारा. तेच प्रश्नचिन्ह, टाच उचललेलं.

“मूळव्याधीचं काम घेतलंत, बोलला नाहीत ते,” टायरवाला म्हणाला.

“मी नाही काढलं ते!”

टायरवाल्याने टेम्पोकडे पाहिलं, मग वर शिडीकडे.

“मग जन्मलेला दिसतो,” तो म्हणाला.

पळतं अक्षर म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. जाड. चांगलं पैलवानाच्या दंडासारखं जाड. आणि पुढे झुकलेलं. किती झुकलेलं, तर भरल्या पोटी सुटती बस पकडायला धावणारा माणूस झुकतो तितकं. डोक्यावरची रेघ मात्र एकदम सपाट, नाहीतर अक्षर धावतंय की पडतंय ते कळत नाही. उकार मागे उडालेल्या मफलरसारखा. वेलांटी वाऱ्यात धरलेल्या टोपीसारखी. हे अक्षर बोलत नाही, हाका मारतं. ‘आजच या’, ‘फक्त दोन दिवस’, ‘टायर’ असलं त्याला शोभतं. पेंटरचा नियम होता, की या अक्षरात चार शब्दांच्या पुढे जायचं नाही, पाचव्या शब्दाला दम लागतो. आणि लहान तर कधीच काढायचं नाही. लहान काढलं की पोटं बुजतात. मग ‘ब’ काय, ‘व’ काय, ‘क’ काय, सगळीच ढेकळं.

टेम्पो गेला त्या दिवसापासून पेंटरला ते अक्षर जिथे तिथे दिसायला लागलं, आणि जिथे दिसू नये तिथे जास्त. शाळेजवळच्या वळणावर ‘वाहने हळू चालवा’ असा फलक लागला, पळत्या अक्षरात. तो वाचला की गाडीवाल्यांना स्फुरण चढायचं आणि ते वरचा गिअर टाकायचे. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर वापरायची सगळी कृती याच अक्षरात छापली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. माणसं औषधवाल्याला विचारायची, बाटलीला हा काळा पट्टा कशाला गुंडाळलाय? आणि मयताच्या गाडीवर ‘अखेरचा प्रवास’. गाडी फाटकाशी नुसती उभी राहिली तरी वाटायचं, आत्ताच्या आत्ता चला म्हणतेय. समोरच्या घरातल्या आजोबांनी ती एकदा पाहिली आणि त्यानंतर ते संध्याकाळचं फिरायला जायचेच बंद झाले.

पेंटर रात्रंदिवस एकच घोकत होता, कोण? कुणी? कुठल्या नतद्रष्टाने?

उत्तर सापडलं ते वाचनालयात. तो तिथे वाचायला गेला नव्हता, पंख्याखाली बसायला गेला होता. समोर नवीन फलक, ‘शांतता राखा. घोरू नये.’ पळत्या अक्षरातली शांतता अशी काही अंगावर धावून येत होती की दोन म्हातारे दचकून जागे झाले होते. पेंटर फलकाजवळ गेला. नाक लावून बघायला लागला. ‘घोरू’मधल्या ‘घ’च्या पोटात एक चौकोन होता. छोटासा, नीटस, चारी कोपरे गोल केलेला पांढरा चौकोन.

त्याने बोट लावलं. घाण नव्हती. छापलेलाच होता.

“अरे, हे तर बटण!” पेंटर ओरडला. “दिव्याचं बटण! आमच्या मेव्हण्याच्या भिंतीवरचं!”

ग्रंथपालबाईंनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

त्याचं असं झालं होतं. मेव्हण्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला, मुलगी झाली. मेव्हणा जाहिरातींच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायचा. भाचीला काय द्यावं म्हणून पेंटर विचारात पडला, तेव्हा मेव्हणाच म्हणाला, “दाजी, तिच्या खोलीत भिंतभर अक्षरं काढून द्या. तुमची ती पळती. पोर डोळे उघडेल ती अक्षरांतच.” पेंटरचा ऊर भरून आला. त्याने शिडी नेली, रंग नेले, बायकोला नेलं. त्याने रेघा ओढायच्या आणि बायकोने आत रंग भरायचा, अशी त्यांची पद्धतच होती. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळं झालं तेव्हा मेव्हणा म्हणाला, “जोडाक्षरं राहिली, दाजी.” ती काढली. मग म्हणाला, “रफार? आकडे?” तेही काढले. मग म्हणाला, “कंस. स्वल्पविराम. प्रश्नचिन्ह. आणि टक्क्याचं चिन्ह.”

“अरे, तिला अजून मान धरता येत नाही,” पेंटर म्हणाला. “टक्का कशाला?”

“पुढे लागेल, दाजी. हल्ली मुलं लवकर शिकतात.”

पोर हुशार निघणार, असं म्हणून पेंटरने टक्का काढला. दिव्याचं बटण नेमकं ‘घ’च्या पोटात येत होतं. त्याच्याभोवतीने त्याने सफाईने रेघ वळवली आणि बायकोने बटण सोडून रंग भरला. सगळ्यांनी वा वा केली.

वाचनालयातून पेंटर तडक मेव्हण्याकडे गेला. पोर पाळणाघरात होती. भिंत पिस्त्याच्या रंगाची झाली होती. सपाट, गुळगुळीत, आणि मधोमध ते बटण, उघडंबोडकं.

“दाजी! या, या. चहा टाकतो.”

“भिंत कुठाय?”

“भिंत? ही काय. भिंत कुठे जाणार?”

“माझी भिंत!”

“ती होय! पोरीला झोप लागेना हो, दाजी. सगळी अक्षरं दाराच्या दिशेने पळायची. तीही रांगत सुटायची दाराकडे. दोनदा जिन्यावरून धरून आणली. मग हिने म्हटलं, रंग द्या.”

“आणि रंग देण्याआधी?”

“आधी फोटो काढून ठेवले. आठवण म्हणून.”

“त्या आठवणीचं काय केलंस?”

मेव्हण्याने खुर्ची पुढे केली. पेंटर बसला नाही. मग मेव्हणाच बसला.

“खरं सांगू, दाजी? मी तुमची सेवाच केली. तुमचं अक्षर चार गल्ल्यांत अडकून पडलं होतं. आज बघा, कुठवर गेलंय!”

“मूळव्याधीपर्यंत!”

“सुरुवात कुठून तरी होतेच.”

“मला विचारलंस?”

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. मग तुमचं मन मोडून मला ते करावं लागलं असतं. त्यापेक्षा म्हटलं, नको विचारायला.”

हे इतकं सरळ तोंडाने म्हटलं गेलं की पेंटरला क्षणभर ते बरोबरच वाटलं. मग त्याला संताप आला. “आणि ते बटण तरी काढायचंस, गाढवा! माझ्या ‘घ’च्या पोटात दिव्याचं बटण ठेवून गावभर फिरवलास!”

“काढणारच होतो. पण एका मोठ्या डिझायनरला दाखवलं, तो म्हणाला, हात लावू नका, हा चौकोन म्हणजे अक्षराचा श्वास आहे. त्या श्वासावर तर खपतंय, दाजी.”

मेव्हण्याने कॉम्प्युटर सुरू केला आणि फोटोंवरून बनवून विकायला ठेवलेला सगळा अक्षरसंच अभिमानाने दाखवला. अक्षराचं नाव ठेवलं होतं ‘भरारी’. ठळक, तिरकी. खाली माहिती होती. निर्मिती, आणि पुढे मेव्हण्याचं नाव. त्याखाली, विशेष आभार: ताई.

पेंटरने ते दोनदा वाचलं.

“ताई कोण?”

“आपली ताई. किती ताया आहेत मला?”

“आभार कशाचे?”

“दिवा धरला ना तिने. फोटोला सारखा उजेड नको? एकेका अक्षरापुढे उभी होती बिचारी, हात दुखेपर्यंत.”

“आणि माझे आभार?”

“तुमचे कसे मानणार, दाजी?” मेव्हणा कळवळून म्हणाला. “तुम्हाला तर काही माहीतच नव्हतं!”

पेंटरने रागारागाने भिंतीवर मूठ मारली. ती बटणावर बसली आणि खोलीत दिवा लागला. मेव्हण्याने उठून तो बंद केला. भरदिवसा कशाला, म्हणाला.

घरी बायको मागच्या ओट्यावर टर्पेंटाइनमध्ये ब्रश धूत बसली होती. पेंटर दारातच उभा राहिला. रस्ताभर त्याने मोठं भाषण जुळवलं होतं, त्यातलं त्याला एवढंच आठवलं.

“दिवा धरलास?”

तिने मान वर केली नाही. “धरला.”

“कशासाठी ते माहीत होतं?”

“पहिल्या दिवशी नव्हतं.”

“म्हणजे दुसऱ्या दिवशीही धरलास!”

“अक्षरं पुष्कळ होती हो.”

“माझ्याशी बोलली नाहीस. एका ताटात जेवतो आपण, एका डब्यात ब्रश बुडवतो, आणि तू—”

“काय बोलणार होते? तुम्ही त्याच्या दुकानात जाऊन शिडी आपटली असतीत.” तिने ब्रश पिळला. “आणि मला एक सांगा. तुम्ही रेघा ओढता आणि चहाला जाता. आत कोण भरतं? ते जाड अक्षर जाड कोण करतं? पाटीच्या कोपऱ्यात तुमची ती उंदराची शेपटी असते, तिथे माझं कधी नखाएवढं काही होतं? धाकट्याने निदान आभार तरी मानले.”

यावर म्हणण्यासारखं पुष्कळ होतं. पेंटरला नेमकं तेच सुचलं जे म्हणायला नको होतं.

“भरायला काय लागतं?” तो म्हणाला. “भरतं कुणीही.”

बायकोने धुतलेला ब्रश उचलला, शांतपणे लाल रंगाच्या डब्यात बुडवला, तसाच ओट्यावर ठेवला आणि आत निघून गेली. पेंटरचा सगळ्यात चांगला ब्रश होता तो. दुसऱ्या दिवसापर्यंत तो लाकडासारखा झाला, आणि घरातलं बोलणंही.

पण दगड अजून बसला नव्हता. पेंटरने समितीकडे दाद मागितली. बैठक टायरवाल्याच्या दुकानात मागच्या बाजूला होती. टायरांच्या चळतींवर बसायचं, कारण खुर्च्या सुशोभीकरणात यायच्या होत्या. दातांची डॉक्टर असलेली बाई समितीची चिटणीस. ती टायरच्या मधोमध बसली आणि हळूहळू आत रुतत गेली, पण पदाचा मान म्हणून काही बोलली नाही. मेव्हणा लॅपटॉप घेऊन आला होता. सोबत ताईलाही घेऊन आला होता. बायको भावाच्या शेजारच्या चळतीवर बसली हे पेंटरने पाहिलं, आणि मग तिकडे पाहिलंच नाही.

“अक्षर माझं आहे,” पेंटर उभा राहून म्हणाला. “आणि माझ्याकडे पुरावा आहे. पक्का! ‘घ’च्या पोटात जो चौकोन आहे ना, ज्याला हे शहाणे श्वास म्हणतात, तो याच्या घरातल्या दिव्याच्या बटणाचा आहे. मी त्या भिंतीवर काढलं, यानं तिथून उचललं!”

खळबळ उडाली. टायरवाल्याने हात वर केला. अध्यक्षपण आता त्याला जमायला लागलं होतं.

“भांडण नको. सोपं करू. दोघांनी ‘घ’ काढून दाखवा. मग कळेलच.”

मेव्हण्याने एक कळ दाबली. पडद्यावर ‘घ’ आला, चौकोनासकट.

पेंटरने बाह्या वर केल्या. पत्रा टेकवला, ब्रश भरला, श्वास रोखला आणि एका झपाट्यात ‘घ’ ओढला. असा ‘घ’ त्याने जन्मात काढला नव्हता. पुढे झुकलेला, टाच उचललेली, आता पत्र्यावरून उडी मारून रस्ता ओलांडतो की काय असा. टायरवाल्याच्या तोंडून आपोआप “वा!” निघालं. चिटणीसबाईंनी टायरातून टाळ्या वाजवायचा प्रयत्न केला.

मग त्या म्हणाल्या, “पण यात चौकोन नाहीये.”

“नसणारच!” पेंटर विजयाने म्हणाला. “तो बटणाचा आहे!”

“म्हणजे तुमच्या ‘घ’मध्ये चौकोन नसतो?”

“कधीच नाही! उभ्या जन्मात नाही!”

“आणि समितीने छापील नमुन्यावरून पसंत केलेल्या ‘घ’मध्ये आहे.”

“हो, म्हणूनच तर सांगतोय!”

“मग तो ‘घ’ तुमचा नाही,” चिटणीसबाई म्हणाल्या. “तुम्हीच सांगताय.”

पेंटरने सगळ्यांकडे पाहिलं. माणसं समजूतदारपणे माना हलवत होती. घाईघाईने त्याने पांढरा ब्रश घेतला आणि आपल्या त्या सुंदर ‘घ’च्या पोटात चौकोन काढला. “हा घ्या! हे बघा, आता तोच झाला की नाही?”

“आता तर तुम्ही आमच्यादेखत नक्कल केलीत,” टायरवाला खिन्नपणे म्हणाला. “असं करू नका हो. तुम्ही चांगले माणूस आहात.”

“भिंत होती!” पेंटर ओरडला. “त्या भिंतीवर सगळं होतं! त्याने रंगवून टाकली! हिला विचारा!” आणि इतके दिवस न बोललेल्या बायकोकडे तो पहिल्यांदा वळला. “सांग यांना!”

बायको उभी राहिली. पदर सारखा केला. मग एकाच आवाजात सांगितलं, जणू कुणी पत्ता विचारला होता.

“रेघा यांच्या. आत रंग मी भरला. फोटो धाकट्याने काढले, दिवा मी धरला.”

पेंटरला वाटलं, झालं, खरं बाहेर आलं. पण खरं बाहेर आलं की ते समितीपुढे येतं, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

“म्हणजे तीन माणसं झाली,” टायरवाला म्हणाला. “आणि दगड तर कापून आलाय.”

दगड दुकानाच्या दारातच ठेवला होता. दोन हात रुंद. चिटणीसबाईंना टायरातून ओढून काढण्यात आलं आणि त्यांनी दगडावर मापं घेतली. अक्षर जाड, झुकलेलं, चवड्यावर उभं; जागा खाणारच. दगडावर जेमतेम तीन अक्षरं बसत होती. चौथं काढलं की त्याचा पाय दगडाबाहेर. मेव्हण्याचं नाव दोन अक्षरी, एक काना. पेंटरचं नाव पाच अक्षरी, त्यात दोन जोडाक्षरं आणि वर रफार.

“ताईंचं नाव?” कुणीतरी विचारलं.

“चार अक्षरी,” मेव्हणा हळहळून म्हणाला. “थोडक्यात गेलं.”

“मग माझं लहान काढा!” पेंटर म्हणाला. “लहान काढा, पण काढा! तिघांचीही काढा!”

“लहान काढलं की पोटं बुजतात,” बायको म्हणाली.

ती सवयीने म्हणाली. रंग भरताना आयुष्यभर त्याच्या तोंडून तिने हेच ऐकलं होतं, आणि तो लहान म्हणाला की तिच्या तोंडून ते निघायचंच. म्हणून झाल्यावर तिने ओठ दाबून धरले, पण चिटणीसबाईंनी ते टिपून घेतलं होतं.

“जाणकारांचंही तेच मत पडलं,” त्या म्हणाल्या.

दगड आठवड्याने बसला. त्यावर दोन अक्षरं आणि एक काना, पुढे झुकलेला. मग छापील पाट्या आल्या आणि सगळा बाजार एका दिशेला पळायला लागला. टायरवाल्याचं ‘टायर’ पळत होतं, ते ठीक होतं. पण ‘दातांचा दवाखाना’सुद्धा पळत होता, पेशंटच्या आधी. घड्याळवाल्याच्या पाटीवर ‘घ’ होता, आणि गिऱ्हाइकं विचारायची, या चौकोनात तारीख दिसते का हो?

बायको भावाकडे राहायला गेली होती. भांडून गेली नव्हती. भाचीला सांभाळायला कुणी नाही, एवढंच म्हणाली. जाताना तिने सगळे ब्रश धुऊन ठेवले. तो लाल वाळलेलासुद्धा तिने भिजत घातला होता. पेंटरने तो पाहिला आणि पाहिला नाही असं केलं.

एकट्या पेंटरच्या दुकानावरच जुनी, हाताने काढलेली पाटी राहिली. समितीचा निरोप आला, आपली पाटी मंजूर अक्षराशी जुळत नाही, रविवारपर्यंत बदलावी, नाहीतर उतरवण्यात येईल.

पेंटरने ती स्वतःच उतरवली. मग त्याने एक निश्चय केला. जे अक्षर उचलून नेलं ते त्यांनाच लखलाभ. यापुढे आपण सरळ काढायचं. ताठ. खांबासारखं! कुणाला उचलता येणार नाही, कुणाला झुकवता येणार नाही.

हे म्हणायला सोपं होतं. मनगट ऐकेना. पहिला काना पुढे झुकला, दुसरा त्याच्या मागे निघाला. पेंटरने ते पुसले. समोर दोरीला वजन बांधून लोंबतं सोडलं आणि दोरीकडे बघत एकेक काना उभा केला. दरदरून घाम फुटला. आतला रंगही त्यालाच भरावा लागला, आणि तेव्हा त्याला कळलं की कडेला ब्रश टेकवून आत ओढताना तो थरथरतो, रंग बाहेर येतो, आणि ते थांबवायला एक वेगळा श्वास लागतो जो त्याला माहीत नव्हता. चार वेळा त्याने खरवडून पुन्हा भरला. चार दिवस गेले. पण शेवटी पाटी झाली, आणि झाली ती अशी ताठ की पेंटर तिच्यासमोर आपोआप सावधान उभा राहिला. आख्ख्या बाजारात एवढीच एक पाटी कुठेही पळत नव्हती. ती फक्त त्याची होती.

रविवारी सकाळी त्याने ती एकट्यानेच चढवली. डावा खिळा विटेत बसला. उजवा बसला की नाही, ते बघायला खाली कुणी नव्हतं. पाणी भरलेली पट्टी लावून त्याने पाटी सपाट केली, खाली उतरला, लांब जाऊन पाहिली, आणि बऱ्याच दिवसांनी त्याला पोटभर जेवावंसं वाटलं. तो जेवायला गेला.

दुपारी उजवा खिळा गिलाव्यातून सुटला आणि पाटी त्या बाजूने वीतभर खाली आली. पाट्या तपासायला निघालेल्या टायरवाल्याने खालून पाहिलं, अक्षरं पुढे झुकलेली आहेत याची खात्री करून घेतली, आणि दारावर समितीचा कागद चिकटवला. त्यावर छापलं होतं, ‘अक्षर नियमानुसार’, आणि खाली निर्माता म्हणून मेव्हण्याचं नाव.